बटाटा गेला आणि घरात दुसरं काहीच का नव्हतं? आयर्लंडच्या उपासमारीचा (१८४५–५०) घरगुती हिशेब

प्रश्न असा आहे: आयर्लंडच्या दुष्काळात पीक गेलं ते एकट्या बटाट्याचं. ओट, गहू, गुरं, लोणी सगळं देशात होतं, चारी बाजूंनी समुद्र होता. मग लोकांनी दुसरं काही का खाल्लं नाही? आणि सरकारने (आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राजवटीखाली होतं) मका आणला, रस्त्यांची कामं काढली, सूप वाटलं, तरी सुमारे दहा लाख माणसं कशी मेली?

थोडक्यात सांगायचं तर गरिबाचं अन्न आणि त्याची मजुरी या दोन्ही गोष्टी एकाच वाफ्यात पिकत होत्या. वाफा कुजला तेव्हा पोटाला अन्न उरलं नाही आणि दुसरं अन्न घ्यायला हातात पैसाही नव्हता. नंतरची प्रत्येक मदत कागदावर ठीक दिसते. एका घराच्या आठवड्याच्या हिशेबाला लावून पाहिली की ती नेमकी कुठे तुटली ते कळतं, म्हणून मी तसाच हिशेब मांडतो.

आधी चांगल्या वर्षाचं घर पाहू. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती, आणि त्यातले साधारण तीस लाख जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर जगत होते. यातले बहुतेक शेतमजूर. मजुराला जमीन मिळायची ती एका हंगामापुरती, खंडाने. मोठं कूळ किंवा जमीनदार त्याला पाव ते एक एकर खतावलेली जमीन बटाट्यापुरती देई आणि खंड बराचसा कामाच्या दिवसांनी फेडून घेई. एकराला हंगामाचे आठ-दहा पौंड धरले आणि दिवसाची मजुरी सहा-आठ पेन्स (पौंडाचे तेव्हा २४० पेन्स) धरली, की वर्षाचे बहुतेक दिवस खंडातच जात. रोकड त्याच्या हातात क्वचितच पडे. थोडीफार यायची ती डुकरातून. घरचे लहान, फुटके बटाटे आणि साली खाऊन डुक्कर वाढायचं, आणि ते विकून खोपटाचं भाडं भागायचं.

पुरुष मजूर दिवसाला १२ ते १४ रतल, म्हणजे साडेपाच-सहा किलो बटाटे खायचा. हा आकडा वाचून लोक दचकतात, पण गणित सरळ आहे. साडेपाच किलो बटाट्यात चार हजारांच्या आसपास कॅलरी आणि शंभर ग्रॅम प्रथिनं असतात. दिवसभर कुदळ मारणाऱ्याला तेवढं लागतंच. त्याच्या जोडीला ताक असे. बटाट्यातून क जीवनसत्त्व भरपूर, ताकातून कॅल्शियम आणि बटाट्यात नसलेलं बरंच काही. नवरा-बायको आणि चार मुलं असं घर धरलं तर दिवसाला वीस किलो लागतात. तीनशे दिवसांचे झाले सहा टन. एका चांगल्या एकरात साधारण तेवढंच पिकतं. इतक्या लहान तुकड्यावर सहा माणसांचं पोट वर्षातले दहा महिने भरणारं दुसरं पीक त्या हवेत नव्हतं. हे लोक आळशी होते म्हणून बटाट्यावर राहिले, असं तेव्हाच्या लंडनच्या वर्तमानपत्रांत लिहून येई. मला ते वाचवत नाही. एवढ्याशा जमिनीत याहून शहाणं पीक त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी ते घेतलं असतं.

मात्र या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. पहिली साठवणीची. धान्याची कणगी दोन वर्षं ठेवता येते, बटाटा ठेवता येत नाही. शेतातच खड्डा करून, गवत आणि मातीने झाकून तो ठेवायचे. मे-जूनमध्ये त्याला कोंब फुटायचे, तो मऊ पडायचा. नवा बटाटा ऑगस्टअखेरपर्यंत येत नसे. मधले दोन-अडीच महिने चांगल्या वर्षीही उपासाचे असत. कोबीचा पाला, उधारीवर घेतलेलं ओटचं पीठ किंवा भीक मागायला दूरच्या परगण्यात जाणं, असे ते दिवस काढावे लागत. त्यामुळे चांगल्या वर्षाचा बटाटा वाईट वर्षाला कधीच पुरला नसता. दुसरी उणीव वाणाची. सगळ्यात गरीब लोक लंपर नावाचा वाण लावत. चवीला पाणचट, टिकायला वाईट, पण हलक्या जमिनीत कमी खतावर भरघोस येणारा. बटाटा डोळ्यांपासून लावतात, त्यामुळे देशभरातला लंपर म्हणजे जणू एकच झाड होतं. एकाला जो रोग लागेल तो सगळ्यांना लागणार.

तो रोग म्हणजे उशिरा येणारा करपा. आपल्याकडचे बटाटा आणि टोमॅटो लावणारे शेतकरी तो ओळखतात. फायटोप्थोरा इन्फेस्टन्स हे त्याच्या कारणाचं शास्त्रीय नाव. हवा दमट, तापमान दहा ते वीस अंश आणि पानं ओली असली की तो काही दिवसांत शिवार संपवतो. पानाला कडेने पाणी भरल्यासारखे काळपट डाग पडतात, खालच्या बाजूला पांढरी लव येते, बीजाणू वाऱ्याने पुढच्या शेतात जातात आणि पावसाबरोबर मातीत उतरून कंदाला लागतात. १८४५ च्या सप्टेंबरात तो आयर्लंडमध्ये दिसला. त्या वर्षी वरून चांगले दिसणारे बटाटे काढून खड्ड्यात भरले गेले आणि काही आठवड्यांनी उघडले तर आत काळा, दुर्गंधी येणारा लगदा. साधारण एक तृतीयांश पीक गेलं. १८४६ मध्ये तो जुलैअखेरच आला, कंद भरायच्या आधी. फादर थिओबाल्ड मॅथ्यू २७ जुलैला कॉर्कहून डब्लिनला जाताना त्यांना वाटेत फुललेली शेतं दिसली, आणि ३ ऑगस्टला परतताना तीच शेतं कुजलेली. त्या वर्षी जवळजवळ काहीच हाती आलं नाही. करप्यावरची मोरचूद-चुन्याची फवारणी निघायला अजून चाळीस वर्षं होती.

कुजलेला बटाटा वाचवायचा उपाय सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी १८४५ मध्ये छापून वाटला होता. तो जवळून पाहण्यासारखा आहे. किसणी, तागाचं फडकं, केसांची चाळण, पाण्याच्या दोन बादल्या आणि तवा घ्या. कंद किसा, किस पाण्यात धुवा, फडक्यातून पिळा. गढूळ पाणी निवळू द्या, तळाशी सत्त्व बसेल. दोन-तीनदा पाणी बदला, उरलेला चोथा तव्यावर सुकवा. मग सत्त्व आणि चोथा ओट किंवा वाटाण्याच्या पिठात मिसळून भाकर करा. कृती चुकीची नाही, पण घराला लावून पाहा. लंपरमध्ये स्टार्च जेमतेम बारा-पंधरा टक्के, त्यातला करप्याने कुजलेला भाग वजा करा. वीस किलो बटाटे किसून, धुऊन दीड-दोन किलो सत्त्व पदरात पडणार, आणि तेही रोज. प्रथिनं व क जीवनसत्त्व धुण्याच्या पाण्यात जाणार. ज्या घरात एक लोखंडी भांडं आहे तिथे चाळण आणि तागाचं फडकं कुठून येणार? आणि ज्या पिठात ते मिसळायचं ते पीठच नव्हतं.

आता मका. ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी नोव्हेंबर १८४५ मध्ये लंडनच्या बेअरिंग ब्रदर्स या पेढीमार्फत अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका गुपचूप मागवला आणि १८४६ च्या वसंतात कोठारांतून रतलाला एक पेनी भावाने विकायला काढला. मला हा निर्णय त्या सगळ्या काळातला सर्वात समंजस वाटतो. अडचण दळण्यात आली. तो मका कठीण दाण्याचा होता. आयर्लंडच्या गिरण्या ओट दळणाऱ्या, आणि त्याही पश्चिमेत कमी. असा दाणा एकदा भरडून भागत नाही, दोनदा दळावा लागतो. भरडा रात्रभर भिजवून तासभराहून जास्त शिजवला नाही तर तो पोटात फुगतो. बटाटा उकडायची सवय असलेल्या बाईला हे कोणी करून दाखवलं नव्हतं आणि तेवढं सरपणही नव्हतं. अर्धकच्चा भरडा खाऊन लोकांना पोटशूळ आणि हगवण लागली. रंगावरून लोक त्याला ‘पीलचं गंधक’ म्हणू लागले. पुढे तोच मका त्यांनी घाटा करून मिळेल तेवढा खाल्ला. मक्यात क जीवनसत्त्व नसतं, म्हणून त्या देशात सहसा न दिसणारा स्कर्व्ही सुरू झाला: हिरड्या सुजून काळ्या पडणं, पायांवर जांभळे डाग, सांध्यांत रक्त.

जून १८४६ च्या अखेरीस पील पायउतार झाले, लॉर्ड जॉन रसेल पंतप्रधान झाले. ट्रेझरीतून, म्हणजे ब्रिटिश अर्थखात्यातून, मदतीचं काम चालवणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन यांचं धोरण असं होतं की धान्य आणायचं व्यापाऱ्यांनी, सरकारने फक्त मजुरी द्यायची. म्हणून रस्त्यांची, खडी फोडायची कामं निघाली. मार्च १८४७ मध्ये या कामांवर सात लाखांहून जास्त माणसं होती. काम बहुतेक उक्तं, मोजून पैसे. साधारण मजुरी आठ ते दहा पेन्स.

फेब्रुवारी १८४७ मध्ये मक्याचा भाव टनाला १९ पौंडांवर गेला होता. म्हणजे घाऊकच रतलाला दोन पेन्स, खेड्यातल्या दुकानात त्याहून जास्त. आठ पेन्सने सहा दिवस भरले तर ४८ पेन्स. त्यात २४ रतल, म्हणजे जवळपास ११ किलो मका येतो. त्याच घराला पूर्वी आठवड्याला १४० किलो बटाटे लागत, त्यातली ऊर्जा एक लाख कॅलरी. ११ किलो मक्यात चाळीस हजारही नाही. सहा जणांत वाटली तर माणशी दिवसाला २६० ग्रॅम, साडेनऊशे कॅलरीच्या आत. आणि हे सगळे सहा दिवस भरले तर. बर्फ पडलं की काम बंद. अशक्त माणसाची खडी कमी भरे, म्हणून पैसे कमी मिळत, म्हणून पुढच्या आठवड्यात तो आणखी अशक्त होई. पगारवाटप करणारे कारकून आणि सुटी नाणी दोन्ही कमी पडल्याने मजुरी आठवडा-दोन आठवडे तुंबायची. ऑक्टोबर १८४६ मध्ये दक्षिण आयर्लंडमधल्या स्किबरीन गावाजवळच्या रस्त्यावर एक मजूर असाच मजुरी थकलेली असताना मेला आणि चौकशीच्या ज्युरीने सार्वजनिक बांधकाम मंडळाच्या हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. शिवाय माणसं रस्त्यावर गेल्याने शेतात नांगरट नाही, सरपणाची पीट (दलदलीतली, वाळवून जाळायची माती) कापलेली नाही. सरकारने या कामांवर पन्नास लाख पौंडांच्या आसपास खर्च केला. एवढ्या पैशात शिजवलेलं अन्न थेट दिलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर त्याच उन्हाळ्यात मिळालं.

निर्यातीबद्दल नेहमी विचारलं जातं, आणि त्यात दोन टोकांची उत्तरं दिली जातात. ओट आणि गहू हे पीक खंडाचं होतं. कुळाने ते खाल्लं तर खंड थकणार आणि घर जाणार, म्हणून उपाशी माणसाने पिकवलेलं धान्य बंदराकडे जात राहिलं. १८४६ मध्ये धान्याची निर्यात आयातीपेक्षा जास्त होती. १८४७ मध्ये उलटं झालं, आयात निर्यातीच्या कितीतरी पट झाली. ती सगळी निर्यात थांबवूनही बटाट्याची पूर्ण तूट भरली नसती, हे खरं. पण १८४६ चा सुगीचा माल निघून जाणं आणि अमेरिकेचा मका मोठ्या प्रमाणात पोहोचणं यात जो हिवाळा गेला, त्या चार-पाच महिन्यांसाठी तो माल देशात ठेवला असता तर अनेक जीव वाचले असते, असं माझं ठाम मत आहे. ऑगस्ट १८४७ पर्यंत मका साडेसात पौंड टनावर आला. तोपर्यंत घरं रिकामी झाली होती.

समुद्राचं म्हणाल तर पश्चिम किनाऱ्यावरच्या होड्या म्हणजे लाकडी सांगाड्यावर कातडं किंवा डांबरलेलं कापड ताणलेल्या. हेरिंगचे थवे खोल पाण्यात, आणि हिवाळ्यातला अटलांटिक तसल्या होडीने पार होत नाही. त्यात पहिल्या उपासातच जाळी आणि वल्ही गहाण पडली होती. मीठ विकत घ्यायला पैसा नाही, त्यामुळे मासा मिळाला तरी टिकवता येईना. मग खडकांवरची कालवं, शिंपल्या आणि लाल शेवाळ खरवडून खाल्लं, किनारे ओरबाडून मोकळे झाले. आतल्या भागात नेटलचा आग्या पाला, रानमोहरी, सलगम. काही ठिकाणी जिवंत गाईच्या मानेची शीर टोचून थोडं रक्त काढायचे, जखम टाचणीने बंद करायचे आणि रक्त ओटच्या पिठात किंवा कोबीत शिजवायचे. हा पाला पोट भरल्यासारखं करतो, पण किलोभर पाल्यातून तीन-चारशे कॅलरीच मिळतात, आणि तो गोळा करण्यात दिवस जातो.

फेब्रुवारी १८४७ च्या कायद्याने शेवटी शिजवलेलं अन्न फुकट द्यायचं ठरलं. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लंडनच्या रिफॉर्म क्लबचे आचारी अलेक्सिस सोये यांनी एप्रिलमध्ये डब्लिनला आदर्श सूपघर उघडलं: तीनशे गॅलनचं बॉयलर, घंटा वाजली की शंभर माणसं आत, साखळीने बांधलेला चमचा, खाऊन झालं की दुसऱ्या दाराने बाहेर. त्यांच्या एका कृतीत दोन गॅलन, म्हणजे नऊ लिटर पाण्याला पाव रतल गोमांस, दोन औंस चरबी, दोन कांदे, अर्धा रतल कणीक, अर्धा रतल बार्ली, मीठ आणि चिमूटभर साखर. मी याच्या कॅलरी काढल्या तर सगळ्या पातेल्याच्या अडीच हजारांच्या आत येतात. सव्वा लिटरच्या आतबाहेर वाडगं धरलं तर वाट्याला तीनशे. हगवण लागलेल्या माणसाला असलं पाणी आणखी बाधतं. सरकारी शिधा मात्र याहून बरा होता: प्रौढाला एक रतल बिस्किट किंवा पीठ, नाहीतर पीठ लावून घट्ट केलेलं सूप आणि सोबत पाव शिधा भाकरी. नऊ वर्षांखालच्या मुलांना निम्मं. कोरडं पीठ लोक चहा-तंबाखूसाठी विकतात अशी तक्रार झाल्यावर मका आणि तांदळाचा घाटा शिजवून द्यायला सुरुवात झाली. ३ जुलै १८४७ ला एका दिवसात तीस लाखांहून जास्त शिधे वाटले गेले. एकूण खर्च साधारण सतरा लाख पौंड, कामांच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. उपासमारीचे मृत्यू त्या महिन्यांत स्पष्ट कमी झाले. यंत्रणा होती, ती चालली, आणि शरद ऋतूत ती बंद केली गेली. या सगळ्या इतिहासातली मला सर्वात जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे.

बंद करायला कारण दिलं गेलं ते १८४७ च्या चांगल्या पिकाचं. त्या वर्षी करपा कमी होता, एकरी उतारा उत्तम होता. पण १८४५ मध्ये वीस लाख एकरांहून जास्त असलेला बटाटा १८४७ मध्ये सुमारे २ लाख ८४ हजार एकरांवर होता. बियाणं हिवाळ्यातच खाल्लं गेलं होतं. काही घरांनी डोळे असलेल्या जाड साली बाजूला ठेवून लावल्या, तेवढंच. त्या पिकाच्या भरवशावर १८४८ मध्ये लोकांनी असेल नसेल ते विकून बियाणं घेतलं, आणि करपा पुन्हा आला.

मेलेल्यांपैकी बहुतेक थेट भुकेने मेले नाहीत. टायफस आणि उलटून येणारा ताप, दोन्ही उवांनी पसरणारे, आणि रक्ताची हगवण. कपडे विकून अंगावर एकच चिंधी, धुवायला सरपण नाही, आणि कामावर, सूपघरात, गरीबगृहात (निराधारांना ठेवून काम करून घ्यायची सरकारी जागा) दाटीवाटी. १८४९ मध्ये कॉलरा आला. स्किबरीनचे डॉक्टर डॅनियल डोनोव्हन यांनी भुकेची लक्षणं नोंदवली आहेत: पायांवर सूज, कोरडी मळकट कातडी, क्षीण आवाज, आणि मुलांच्या डोक्यावरचे केस गळत असताना चेहऱ्यावर उगवणारी बारीक लव.

भारताशी या प्रकरणाचा संबंध दोन बाजूंनी आहे. कोलकात्यात १८४६ मध्ये आयर्लंडसाठी निधी उभा राहिला आणि सुमारे १४ हजार पौंड पाठवले गेले. तिथल्या फौजेत आयरिश शिपाई पुष्कळ होते. दुसरी बाजू कडू आहे. ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचे गव्हर्नर आणि भारत सरकारचे अर्थसदस्य झाले. आणि १८७७ च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रतल धान्य आणि थोडी रोकड एवढीच मजुरी लावली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मजुरीचा भाकरीच्या भावाशी मेळ घातला नाही तर काय होतं, ते आयर्लंडमध्ये तीस वर्षांपूर्वी दिसून गेलेलं होतं.

सूपघरं बंद झाल्यावर उरला तो गरिबांचा कायदा. देशात १३० गरीबगृहं, जागा साधारण एक लाख माणसांची, आणि खर्च स्थानिक घरपट्टी-जमीनपट्टीतून. चार पौंडांखालच्या मूल्याच्या तुकड्यांची पट्टी जमीनदाराने भरायची होती, म्हणून लहान कूळ हाकलणं त्याला फायद्याचं झालं. जून १८४७ मध्ये खासदार विल्यम ग्रेगरी यांनी कायद्यात एक कलम घातलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन ज्याच्याकडे असेल त्याला मदत नाही. आता पुन्हा त्या घराचा विचार करा. एक एकर कसणारा, चार मुलांचा बाप. जमीन ठेवली तर मुलांना आज अन्न नाही, सोडली तर पुढच्या वर्षी बटाटा नाही. सुरुवातीला अशा माणसाच्या बायकामुलांनाही दारातून परत पाठवत. ते १८४८ मध्ये कुठे सैल झालं. जमीन परत घेताना कारभारी बहुतेक वेळा खोपटाचीही चावी मागे आणि लगेच छप्पर उतरवलं जाई, म्हणजे कुटुंब परत येऊन राहू नये. १८४५ मध्ये एक एकरापर्यंतचे १ लाख ३५ हजार तुकडे होते. १८५१ मध्ये ३८ हजारही उरले नाहीत.